पोचपावतीवरची सही

४ जून

चि. कातरी हिस,

आशीर्वाद द्यायला हात उचलला होता, तो अर्ध्यातच थांबवला आहे. आधी हे वाच, मग बघू.

परवा अकरा वाजता आईला फोन केला तर मागून तुझा आवाज. परक्या भाषेत कुणाची तरी झाडाझडती घेत होतीस. मी विचारलं, आज कॉलेजला सुट्टी का? आई आधी खोकली. मग तिने शिलाई मशीन सुरू केली, म्हणजे मला ऐकू येऊ नये. मी फोन धरून बसलो. शेवटी म्हणाली की तू वर्षापूर्वीच कॉलेज सोडलंस आणि घरात बसून पडद्यावरची शाळा करतेस, आणि तिथून थेट परदेशातल्या मोठ्या विद्यापीठात जाणार आहेस. वर्षापूर्वी! वर्षभर मी दर रविवारी विचारतोय कॉलेज कसं चाललंय, आणि तुम्ही दोघी मला छान चाललंय म्हणून सांगताय. घरचा मोठा मुलगा आहे का पाहुणा आहे मी?

मी इथे हॉटेलच्या तळघरात चादरी इस्त्री करतो. खोलीएवढा तापलेला रोलर आहे. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने कोरडी ओढायची, बोट जरा पुढे गेलं तर बोटाचीही घडी होते. वर चारशे खोल्या आहेत म्हणतात, मी एकही पाहिलेली नाही. पण खोल्या आहेत, हे चादरींवरून कळतं. तुझ्या शाळेला खोली आहे का? फळा, घंटा, दारात उभा राहून दरडावणारा शिपाई, काही आहे का? नाही ना? मग ती शाळा नाही, ती जाहिरात आहे. जाहिरातीत शिकून कोण कुठल्या विद्यापीठात गेलंय?

तुझा नंबर मी बंद करून टाकला आहे. ज्या पडद्यावर तुझी शाळा, त्या पडद्यावर मी येणार नाही. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस, माझ्या वाक्याचं शेपूट पकडून मलाच फटकावतेस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. काय म्हणायचं ते लिहून पाठव, आणि सोमवारी कॉलेजात जाऊन पाय धर त्यांचे.

लोभ आहे, पण सध्या तो मागू नकोस.

तुझा मोठा भाऊ (विसरली असशील म्हणून लिहितो)


१९ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार पूर्ण घातला आहे, मी अर्ध्यात थांबवत नाही.

चार पानांत तू एकदाही विचारलं नाहीस की मी कॉलेज का सोडलं. विचारलं असतंस तर हॉटेलचा एवढा कागद वाचला असता. मला यंत्रांचं शिकायचं आहे. त्यासाठी वरचं गणित लागतं. आपल्या कॉलेजात ते घेणारे आम्ही तिघेच निघालो. प्राचार्य म्हणाले, तिघांसाठी वर्ग काढता येत नाही, त्याऐवजी टंकलेखन घ्या, मुलींना बरं पडतं. मी त्या दोघांना घेऊन तीनदा त्यांच्या खोलीबाहेर उभी राहिले. तिसऱ्यांदा शिपायाने आम्हाला जिन्यापर्यंत पोचवलं. तुला हवा होता ना दरडावणारा शिपाई? तो तिथे होता. गणित नव्हतं.

इथे वर्गात आम्ही अकरा जण आहोत, सात देशांतले. एक जण बापाच्या टायरच्या दुकानामागून शिकतो, एक मुलगी सहा महिने इस्पितळातल्या खाटेवरून शिकली. गणिताच्या बाई कॅमेरा बंद करून चेहरा झाकू देत नाहीत आणि उत्तर बरोबर आलं तरी सोडत नाहीत. का आलं, कसं आलं, दुसऱ्या वाटेने येईल का, असं पिळून काढतात. प्रयोगाचं सामान खोक्यातून येतं. लंबकासाठी मी आईची बॉबिन दोऱ्याला बांधून कपाटाच्या कडीला टांगली. आईने तीनदा ती सोडवून मशीनला लावली आणि तीनदा माझं माप गेलं.

आणि परीक्षा पडद्यावर नसते, दादा. मोठ्या परीक्षाकेंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, दोनशे जणांत बसून कागदावर लिहायची असते. तो पेपर ती विद्यापीठं मानतात. शाळेत एक सल्लागार बाई आहेत, त्यांचं कामच ते: कुठल्या विद्यापीठाला कुठला विषय लागतो, निबंध कधी पोचायला हवा, कुठे शिष्यवृत्ती आहे, मुलाखतीत काय विचारतात. आपल्या गल्लीत हे सांगणारं कुणी आहे का? कॉलेजात विचारलं तेव्हा क्लार्क म्हणाले होते, आधी पासपोर्ट काढ.

तुझा खरा राग कशावर आहे ते मला ठाऊक आहे. फ्रीज-एसीच्या त्या कोर्सवर. सोनेरी काठाचं सर्टिफिकेट तुझं फसवं निघालं, म्हणून जगातलं प्रत्येक सर्टिफिकेट फसवं? तू फसलास, दादा. मी फसणार असं त्यातून निघत नाही. हे वरचं गणित नाही, साधंच आहे.

आईची तब्येत बरी आहे. तुझ्याशी खोटं बोलल्याबद्दल तिला वाईट वाटतंय. मला नाही.

तुला जमेल तेवढा लोभ ठेव.

तुझी कातरी


८ जुलै

चि. कातरी हिस,

आशीर्वाद बंद.

सर्टिफिकेटचं नाव काढायचं नव्हतंस. मी फसलो ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. तो मान तू घेतलास.

चादरींचं काम सोडलं. आता लिफ्टवर आहे. वीस मजल्यांच्या पोकळीत फळीवर उभं राहून रूळ पुसायचे, ग्रीस लावायचं. वरचा मिस्त्री दर अर्ध्या तासाने शिट्टी मारतो, मी उलट शिट्टी मारायची, म्हणजे मी अजून फळीवर आहे हे त्याला कळतं. चादरी सोडणार होतो महिन्यापूर्वीच, तळघरात जीव रमेना. तू हसशील की घरात उगाच भोवरा म्हणत नाहीत, परत फिरला. हस.

आता कामाचं. आईने जुन्या पिशवीत कपडे पाठवले, त्यात तुझ्या शाळेचा छापील कागद निघाला. खाली पत्ता होता. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. चार पानं, आपल्या भाषेत, रजिस्टर करून, पोचपावती जोडून. म्हटलं, एवढी सात देशांची शाळा आहे तर आपलं वाचणारं कुणीतरी असेलच.

काय लिहिलं ते सांगतो, मागून बोललो असं नको. लिहिलं की हिचं नाव काढून टाका. ही मुलगी हट्टी आहे, उद्धट आहे, हिला शिंगं फुटली आहेत. हिने घरातली एकुलती एक मशीन ऐन हंगामात सुटी करून जमिनीवर मांडली आणि आई तीन दिवस हाताने शिवत बसली. नंतर मशीन जास्त चांगली चालली, तरी विचारलं नव्हतं हे लक्षात घ्या. सातवीत असताना पुस्तकातलं एक उत्तर चुकीचं आहे म्हणून हिने मास्तरांशी महिनाभर भांडण केलं, आणि पुस्तकच चुकलेलं निघालं तरी माफी मागितली नाही. हिच्याशी राहणं म्हणजे रोज परीक्षा. अकरा वर्षांची असताना मला, नववीत दोनदा बसलेल्या मोठ्या भावाला, रोज संध्याकाळी समोर बसवून गणित घ्यायची. मी खिडकीतून पळालो तर वही घेऊन नाक्यापर्यंत मागे यायची, मित्रांसमोर. घरच्यांशी वर्षभर खोटं बोलली ती वेगळीच. असली मुलगी तुम्हाला नको. असं सगळं लिहिलं.

आता बघू काय होतं ते.

तुझा भाऊ


११ ऑगस्ट

ती. दादास,

सा. न. हा रीत म्हणून.

काय झालं ते ऐक.

तुझं पत्र पोचलं. तिथे आपली भाषा कुणालाच येत नाही. सल्लागार बाईंनी ते पत्र स्कॅन करून मलाच पाठवलं. म्हणाल्या की हे तुझ्याविषयी आहे आणि तुझ्या घरून आलेलं दिसतं, तू भाषांतर करून देशील का. नियमाप्रमाणे नंतर बाहेरच्या भाषांतरकाराकडूनही ते तपासून घेऊ, पण आधी तुझ्याकडून समजून घ्यायला आवडेल.

कळतंय का तुला? ज्या बाई माझ्याबद्दल विद्यापीठांना लिहिणार आहेत, त्यांच्या टेबलावर तुझी चार पानं. शिफारशीच्या फॉर्मवर एक रकाना आहे: विद्यार्थी प्रामाणिक आहे का, तुमच्या माहितीत काही आक्षेप आहे का. तो त्यांना पुढच्या महिन्यात भरायचा आहे. एका आक्षेपावर अर्ज बाजूला पडतो. तिथे एकेका जागेवर वीस-वीस जण टपलेले असतात, त्यांना नकाराला कारणच हवं असतं. तू ते पोस्टाने घरपोच दिलंस.

दोन दिवस मी त्या पानांसमोर बसले. काहीही लिहिता आलं असतं. भावाला माझी काळजी वाटते, एवढ्या एका ओळीत चार पानं गुंडाळता आली असती. बाहेरचा माणूस तपासेपर्यंत कुणाला कळलं नसतं. पण तू लिहिलं आहेस की मी खोटी आहे, आणि मी नेमकं खोटं लिहून तुला खरं ठरवू? सगळं उतरवलं. शिंगांसकट. शिंगं फुटण्याला त्यांच्याकडे काय म्हणतात ते अर्धा दिवस सापडेना, शेवटी शिंगंच ठेवली आणि खाली समजावून सांगितलं. शिंगांचं ऐकून आई रडायची का हसायची याचा विचार करत राहिली.

मशीनचं खरं आहे. मास्तरांचं खरं आहे. खिडकीचंही खरं आहे. वर्षभर खोटं बोलले तेही खरं आहे. म्हणून जास्त राग येतो. खोटं लिहिलं असतंस तर निदान खोडता आलं असतं.

यापुढे मला पत्र लिहू नकोस. आईला लिही.

कातरी


३० ऑगस्ट

कातरी,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहितोय. तूही कधी माझं ऐकलं नाहीस.

ते तुलाच पत्र देतील हे मला काय ठाऊक? कुठल्या शाळेत तक्रार जिच्याविरुद्ध, तिच्याच हातात देतात? आणि ती मुलगी ती उतरवून देते? तुम्ही सगळेच अजब आहात.

एक गोष्ट सांगतो, ती माफी समजू नकोस. माझ्या त्या फ्रीज-एसीच्या कोर्सवाल्यांना मी रजिस्टर पत्र पाठवलं होतं, तुला माहीत नाही. पंधरा दिवसांनी ते परत आलं, पाकिटावर शिक्का: पत्ता सापडत नाही. मी स्वतः गेलो तर तिथे प्लॅस्टिकच्या बादल्यांचं दुकान. दुकानदार म्हणाला, तू या आठवड्यातला चौथा. तेव्हापासून कुणी मोठं काही सांगितलं की मला वाटतं, आधी याला रजिस्टर पाठवावं. परत आलं तर कळतं.

तुझ्या शाळेचं पत्र परत येईल याची मला खात्री होती. परत आलं की पाकीट न फोडता तुला पाठवणार होतो, बघ म्हणून. म्हणून तर मन मोकळं करून लिहिलं. न पोचणाऱ्या पत्रात माणूस काहीही लिहितो. पोचपावती आली तेव्हा मी पोकळीत बाराव्या मजल्यावर होतो. खाली उतरून पाहिली. खऱ्या माणसाची सही, तारीख, शिक्का. मिस्त्रीने शिट्टी मारली तर माझ्या तोंडून शिट्टीच निघेना, वरून तो बोंबलायला लागला.

म्हणजे शाळेला भिंत आहे, एवढं मान्य. भिंत आहे म्हणून शाळा चांगली, असं मी म्हणालेलो नाही.

चौथ्या पानावर खालून तिसरी ओळ आहे, तीही उतरवलीस का? नसेल दिसली तर सोड.

भाऊ


५ ऑक्टोबर

चि. भोवरा यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझी लहान बहीण तुला देत नाही म्हणून माझ्याकडून दुप्पट, आणि दोन धपाटे, ते घरी आल्यावर.

तुम्ही दोघं एकाच कापडाचे. बेतताना उलट बाजूने बेतले गेलात एवढंच. ती तुझं नाव काढलं की कात्री आपटते, आणि पोस्टमन आला की सगळ्यात आधी दारात.

सांगायचं ते हे. शाळेने तुझं पत्र बाहेरच्या कुण्या भाषांतरकाराला दाखवलं. त्या माणसाने लिहून दिलं की मुलीने शब्द न् शब्द बरोबर उतरवला आहे, एकही शिवी सौम्य केलेली नाही, फक्त चौथ्या पानावर एक वाक्य गाळलं आहे. मग सल्लागार बाईंनी पडद्यावर तिला बोलावलं. मी मशीन बंद करून शेजारीच बसले होते. बाईंनी ते वाक्य त्यांच्या भाषेत वाचून दाखवलं आणि हिला विचारलं की हे का गाळलंस. ही पोरगी, जी प्राचार्यांचंही ऐकत नाही, ती मान खाली घालून बॉबिनचा दोरा गुंडाळत बसली. कानापर्यंत लाल. मी विचारलं काय वाक्य, तर मला सांगेना. शेवटी स्कॅन उघडून मीच चष्मा लावून वाचलं.

तू लिहिलं होतंस: नाव काढत नसाल तर एवढं ध्यानात ठेवा, आमच्या घरात एवढं डोकं आजवर कुणाला मिळालं नाही, ते वाया घालवलंत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन.

असं होतं तर तिला का नाही लिहिलंस रे, गाढवा? तिच्याकडे शिव्या आणि परक्यांकडे हे?

बाईंनी फॉर्ममध्ये काय भरलं ते आम्हाला सांगत नाहीत, तसा नियम आहे. ही जेवत नाही नीट. लिफ्टमध्ये पट्टा बांधून काम कर.

माया कमी होत नाही, हे दोघांनाही एकदाच सांगून ठेवते.

तुझी आई


२२ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. लिहिते आहे कारण आई म्हणाली की मी नाही लिहिलं तर ती मशीन सुटी करून ठेवील आणि जोडणार नाही.

पाच ठिकाणी अर्ज केले. तिघांनी नाही म्हटलं. एकाने ताटकळत ठेवलं. एकाने घेतलं, पूर्ण शिष्यवृत्तीसह, यंत्रांच्या शाखेत. माझ्या यादीत ते दुसऱ्या नंबरचं होतं. पहिल्याने नाकारलं याचा राग अजून आहे, तो जाईपर्यंत अभिनंदन करू नकोस. मे महिन्यात परीक्षाकेंद्रावर शेवटचे पेपर द्यायचे आहेत, त्यात ठरलेले गुण मिळाले तरच जागा पक्की.

मुलाखतीत समोर तीन प्राध्यापक होते. शाळेने आधी सहा वेळा सराव घेतला होता, तरी पहिल्या दोन मिनिटांत स्वतःचं नाव दोनदा सांगितलं. मग त्यांनी लंबक विचारला, आणि मला आपली कपाटाची कडी आठवली. पुढे वीस मिनिटं त्यांनीच थांबवेपर्यंत बोलत होते मी. शेवटी त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं की तुझा भाऊ अजून दारात येऊन बसणार आहे का. तेव्हा कळलं बाईंनी फॉर्ममध्ये काय लिहिलं ते. नंतर बाईंनीही सांगितलं: त्यांनी लिहिलं होतं की या विद्यार्थिनीविरुद्ध एक तक्रार आली, ती तिनेच भाषांतर करून दिली, आणि त्यातली फक्त स्तुती गाळली.

लगेच फुगू नकोस. तुझ्या शिव्यांवर प्रवेश मिळालेला नाही. गणितावर मिळाला आहे.

ती ओळ का गाळली ते बाईंना सांगितलं तेवढंच तुला सांगते. चार पानांत तीच एक ओळ खोटी वाटत होती. ठेवली असती तर कुणीही म्हटलं असतं, ही मुलीने मधेच घुसडली. दुसरं कारण बाईंना सांगितलं नाही. मला तुझा राग करायचा होता, दादा, पुरवून पुरवून, वर्षभर. ती ओळ वाचली की राग टिकेना. म्हणून ती काढून ठेवली.

राग अजून आहे. पण आता मोजकाच उरला आहे.

सप्टेंबरच्या आठ तारखेला वर्ग सुरू होतात. वसतिगृहाचा पत्ता मागे लिहिला आहे. आईला सांभाळ म्हणणार नाही, आई तुझंच ऐकेल असं तुला उगाच वाटतं.

जो काही लोभ त्या पानाच्या तळाशी होता, तेवढा वरच्या ओळींतही येऊ दे.

तुझी कातरी


२० ऑगस्ट

चि. कातरी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पूर्ण.

पेपरांत हवे होते त्याहून जास्त गुण आले ते आईने सांगितलं. तू सांगितलं नाहीस, कारण तुझा पहिला नंबर अजून नाकात बसलाय. त्या पहिल्या नंबरवाल्यांचा पत्ता मला पाठव. मारणार नाही, फक्त लिहिणार आहे.

गणितावर मिळालं म्हणतेस. ठीक आहे. पण माझं पत्र नसतं तर त्या म्हाताऱ्याने लंबक विचारायला तुला बोलावलं असतं का, ते तूच तुझ्या दोन वाटांनी सोडवून बघ.

लिफ्ट सोडलेली नाही. वर्ष उलटून गेलं, आई कुणालाही सांगत सुटली आहे. आता मिस्त्री वरच्या खोलीत मोटरपाशी नेतो. लिफ्टचा पाळणा आणि त्याला तोलणारं पलीकडचं वजन यांचं गणित त्याने खडूने भिंतीवर मांडलं, मला कळेना. मग नाक्यापर्यंत वही घेऊन कोण यायचं ते आठवलं आणि तिथल्या तिथे तुला चार शिव्या दिल्या. नंतर कळलं. तुला सांगायला नको होतं, सांगितलं.

शाळेबद्दल माझं मत बदललेलं नाही. भिंत नसलेली शाळा मला पटत नाही. पण आपल्या कॉलेजला चार भिंती होत्या आणि त्यांनी तुला जिना दाखवला, हेही मी विसरलेलो नाही. त्या प्राचार्यांनाही एक लिहिणार आहे. ते आपल्याच भाषेत वाचतील, भाषांतर लागणार नाही.

हे पत्र मी घरी पाठवत नाही. तू अजून घरी आहेस, पेटी भरते आहेस, तरीही तुझ्या वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवतोय, रजिस्टर करून. तुझ्या आधी पोचेल. मोठं विद्यापीठ, मोठा पत्ता, सगळं मान्य, पण मी माझ्या पद्धतीने बघणार. परत आलं, तर विमानात बसू नकोस, मी आधी तिथे जाऊन येतो. परत नाही आलं, तर तिथे ठेवून घ्यायला सांग आणि पोचल्या दिवशी तूच घे. हे तुला तिथे पोचूनच वाचता येईल, म्हणून हाच निरोप आईकडे फोनवरही दिला आहे.

उत्तर लिहू नकोस, अभ्यास कर. पोचपावतीवर सही मात्र स्वतःच्या हाताने कर. तुझी सही मी ओळखतो, नववीच्या माझ्या वहीत रोज असायची, खाली लाल शाईत, तारीख घालून.

माझा लोभ कुठल्याही पानाच्या तळाशी शोधायची गरज नाही. पाकिटावरच तुझं पूर्ण नाव लिहिलं आहे.

तुझा दादा